मध्येच बंद पडणारं इंजिन : देवबागच्या एका प्रवासी बोटीच्या दुरुस्तीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२५

मालवणजवळच्या देवबागच्या काकांची बोट आज वर्कशॉपला आली. २२ फुटी फायबरची, डॉल्फिन दाखवायला आणि संगमावरून भोगव्याच्या बाजूला पर्यटक फिरवायला वापरतात. मागे ६० घोड्यांचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन, इंजेक्शनवालं, २०१९ मध्ये बसवलेलं. फळ्यांखाली १२० लिटरची स्टेनलेसची टाकी.

तक्रार अशी की चालता चालता इंजिन बंद पडतं. कधी चावी फिरवली की लगेच सुरू होतं, कधी पाच-दहा मिनिटं दाद देत नाही. धक्क्याला बांधून चालवलं तर तासन् तास चालतं. म्हणजे जिथे बघायला मेकॅनिक असतो तिथे ते शहाण्यासारखं वागतं.

आधी दुसरीकडे दाखवून झालंय. प्लग नवे, फिल्टर नवा, बॅटरी नवी. शेवटी तिथे सांगितलं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, गेलं, बदला. त्याचा आकडा ऐकून काकांनी बोट उचलली आणि इकडे आणली. "नाताळ तोंडार इलो. पैशाचा बघू मगे, बोट बंद पडाक नको," एवढंच म्हणाले.

त्यांची घाई समजते. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा उथळ पट्टा आहे, तो जागाही बदलत असतो. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर खेचतं, समोरून लाट आत येते, आणि त्या दोघांच्या मध्ये इंजिन गेलं तर बोट आडवी होते. बोटीत लाइफ जॅकेट घातलेली लहान मुलं असतात. हा नुसत्या गैरसोयीचा मामला नाही.

ठरवलं : मोजमाप हातात आल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही. ईसीएम तर नाहीच. ते क्वचित बिघडतं, पण ज्याला कारण सापडत नाही तो मेकॅनिक ते बदलायला सांगतो.

१९ नोव्हेंबर

आज पाना हातात घेतलाच नाही. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, समोर बसवून विचारत बसलो. बंद पडताना आवाज कसा होतो? आधी गती कमी होते का? डिस्प्लेवर काय दिसतं? अलार्म वाजतो का? टाकीत किती पेट्रोल होतं? बोट उडत होती की सरळ चालली होती?

पहिल्यांदा म्हणाला, "तसा काय लक्षात नाय." मग आठवायला लागला. एकदा म्हणे बटण दाबल्यासारखं गप झालं, एकदम. दुसऱ्या एका वेळी मात्र आधी खोकलं, धापा टाकल्या आणि मग गेलं. त्या वेळी उन्हात बराच वेळ थांबावं लागलं.

हे मला महत्त्वाचं वाटतं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन असं एका क्षणात जात नाही. गती ढळते, वर-खाली होते, थ्रॉटल कमी केलं तर थोडं सावरतं. वीज तुटली तर मात्र सूचना न देता जातं, आणि जोड परत लागला की काहीच झालं नसल्यासारखं सुरू होतं. तांडेल दोन्ही प्रकार सांगतोय. एक तर त्याची आठवण गडबड करतेय, नाहीतर बोटीत दोन वेगळे दोष आहेत आणि सगळे जण एकच शोधतायत.

त्याला एक वही दिली. बंद पडलं की लगेच लिहायचं : वेळ, टाकी किती, इंजिनचे फेरे, लाट कशी, कसं मेलं, डिस्प्ले चालू की बंद, किती वेळाने उठलं. पेन दोरीने बांधून दिलं, कारण बोटीतलं पेन दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

२० नोव्हेंबर

अमावस्या. मुद्दाम आजचा दिवस धरला, कारण उधाणाच्या ओहोटीला नदीच्या मुखाशी पाणी चांगलंच उसळतं. बोटीत मी आणि तांडेल दोघेच. जॅकेटं अंगावर, नांगर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, मोकळा आणि त्याची दोरी गुंता न होईल अशी रचलेली. बंद पडणाऱ्या बोटीची चाचणी घेताना नांगर आधी, हत्यारं नंतर.

निघण्याआधी इंजिनला जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपात इंजिनजवळच एक वीतभर पारदर्शक नळी बसवली आणि टी लावून ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज जोडलं. बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा शिरतेय. बुडबुडे नाहीत पण गेजचा काटा चढतोय, तर पुढे कुठेतरी अडतंय आणि इंजिनचा पंप जोर लावून ओढतोय. बहुतेक आउटबोर्डना पूर्ण वेगात पाऱ्याच्या ४ इंचांच्या आत ओढ असली तर चालते, त्यावर गेली की अडथळा समजायचा.

सकाळी मतलई वारा, पाणी सपाट. निवतीच्या दिशेने लांब फेरी मारली, इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर. काटा २ इंचांच्या आसपास, बुडबुडे नाहीत. टाकी पूर्ण भरलेली होती. इंजिनने एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

दुपारी खारा वारा सुटला आणि ओहोटी जोरात लागली तेव्हा मुखाशी गेलो. उभ्या, आखूड लाटा. बोट नाळेवर आपटायला लागली आणि एका आपटीला इंजिन गेलं. बटण दाबल्यासारखंच. माझी नजर डिस्प्लेवर होती : काळा. त्याच क्षणी गेज पाहिलं, काटा २ वरून शून्याकडे सावकाश उतरत होता, म्हणजे पेट्रोल नीट येत होतं. आणि तिसरी गोष्ट, जी मी मुद्दाम चालू ठेवली होती : बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) स्विचमधला लाल दिवा. तो थेट बॅटरीवर आहे. तो मिणमिणलासुद्धा नाही.

तांडेलाने चावी बंद करून परत लावली, डिस्प्ले उजळला, इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. नांगर टाकायची वेळ आली नाही. वहीत पहिली नोंद मीच केली.

२१ नोव्हेंबर

कालच्या त्या दोन-तीन सेकंदांनी बरेच संशयित सोडवले.

बॅटरी आणि तिच्या जाड केबली निर्दोष, कारण बिल्जचा दिवा लागलेला होता. बॅटरीच्या नटांवर हिरवट बुरशी आहे खरी, विंगनट आहेत तेही मला पसंत नाहीत, ते बदलीन. पण गुन्हेगार ते नाहीत.

किल स्विच, म्हणजे तांडेलाच्या मनगटाला बांधायची ती लाल दोरी, हाही नाही. या इंजिनात दोरी निघाली की स्विच एका वायरला अर्थिंग देतो, म्हणजे ती इंजिनच्या बॉडीला जोडतो, आणि स्पार्क थांबतो. चावीचा पुरवठा तसाच राहतो. म्हणजे किल स्विचने इंजिन मारलं असतं तर डिस्प्ले जिवंत राहिला असता. हे लिहून ठेवतो, कारण इंजिन अचानक बंद पडलं की पहिला सल्ला मिळतो 'किल स्विच काढून टाक'. काही बोटींत तो खरंच काढून, वायर टेपने गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे. तांडेल पाण्यात पडला आणि बोट पंखा फिरवत त्याच्याभोवती गोल फिरायला लागली की त्या दोरीची किंमत कळते.

उरलं काय? डिस्प्ले आणि इंजिन दोघांनाही चावीतून जी वीज जाते तो रस्ता. चावीचा स्विच, त्याच्या मागची पिवळी वायर, आणि स्टिअरिंगखालचा हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, मोठा प्लग.

कन्सोलचं झाकण उघडलं. आत डोकं घालायला जागा नाही, मोबाइल आत धरून आधी फोटो काढले. प्लग स्वच्छ, ग्रीससुद्धा शाबूत. चावीचा स्विच हलवून पाहिला, काही नाही. मग हार्नेस धरून वीत वीत करत मागे हलवत गेलो आणि एका ठिकाणी डिस्प्ले लुकलुकला. तिथे काळ्या टेपची जाडसर गाठ. टेप उन्हाने चिकट, बोटांना लागत होती.

सोडवली. आत पिवळ्या वायरचं आवरण सोलून तिच्याभोवती एक लाल वायर नुसती पिळलेली. लाल वायर कुठे जाते? म्युझिक सिस्टीमच्या अॅम्प्लिफायरला. पर्यटकांना गाणी लागतात, आणि कोणीतरी चावी लावली की गाणीही चालू व्हावीत अशी 'सोय' करून दिली होती. पिवळ्या वायरचं तांबं हिरवं पडलेलं, भुगा होऊन टेपला चिकटलेलं. धड तारा चार-पाच उरल्या असतील. बोट आपटली की गाठ झोका घेते, त्या तारा सुटतात, परत टेकतात.

मोजून पाहिलं : चावी लावून, पंप आणि अॅम्प्लिफायर चालू ठेवून बॅटरीवर १२.६ व्होल्ट, इंजिनच्या टोकाला त्याच पिवळ्या वायरवर ११.३. सव्वा व्होल्टहून जास्त त्या गाठीतच जळतोय.

काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं : "ता बदललास तरी गाणी वाजाक होयी."

२२ नोव्हेंबर

पिवळी वायर मागे कापत गेलो. समुद्राकाठी तांबं एकदा उघडं पडलं की खार आवरणाच्या आतून वर चढतो. बाहेरून वायर नवी दिसते आणि आत काळी निघते. चकचकीत तांबं लागेपर्यंत गाठीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर तरी काढावी लागली. मधे कल्हई केलेल्या तांब्याची वायर घातली. ती आणि गोंदवाली श्रिंक स्लीव्ह गोव्याहून मागवून ठेवलेली होती. जोड क्रिंप केलेले, म्हणजे पक्कडीने दाबून बसवलेले, सोल्डर नाही. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने तिथेच तुटते.

हार्नेसला आता दर हातभरावर पट्टी आहे, लोंबकळत काही ठेवलं नाही. बॅटरीचे विंगनट काढून नायलॉकचे नट, लग घासून ग्रीस. अॅम्प्लिफायरला बॅटरीपासून वेगळी वायर, वेगळा फ्यूज, वेगळं बटण. गाणी बंद पडली तरी इंजिन चालेल. इंजिन बंद पडलं तरी गाणी चालू राहतील, हे तितकंसं चांगलं नाही, पण ग्राहकाची मागणी.

परत मोजलं : बॅटरीवर १२.६, इंजिनच्या टोकाला १२.४.

२४ नोव्हेंबर

मुखाशी नेऊन आपटून आणली. ओहोटीला अमावस्येचा जोर राहिलेला नाही, तरी चाचणी म्हणून वाईट नव्हती. डिस्प्ले स्थिर.

बोट परत देताना कार्डावर लिहिलं : विजेचा दोष दुरुस्त. पेट्रोलची बाजू टाकी भरलेली असतानाच तपासली आहे, रिकाम्या टाकीवर बाकी. खोकत बंद पडण्याची तक्रार उघडीच समजावी. तोपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली नेऊ नये, वही चालू ठेवावी. काकांनी कार्ड घेतलं आणि घडी करून खिशात घातलं. वाचलं की नाही, माहीत नाही.

२९ नोव्हेंबर

शनिवार, गर्दीचा दिवस. दुपारी फोन. बोट परत बंद पडली, दुसऱ्या बोटीने ओढत आणली. काका तापलेले : "तू तर सांगितलंस झाला म्हणान!" मी कार्डाची आठवण करून दिली नाही. आठ पर्यटकांसमोर ज्याची बोट दोरीला बांधून आली त्याला कार्ड दाखवून काय मिळणार.

संध्याकाळी तांडेल वही घेऊन आला. या माणसाने काम चोख केलंय. नोंद जशीच्या तशी : 'दु. १२.४०. टाकी पाव. फेरे ४,६००. पाणी सपाट. खोकत खोकत मेला. डिस्प्ले चालू. बल्ब चपटा. १० मिनिटांनी उठला, हळू चालवला तर चालला. परत फास्ट केला, परत मेला.'

पाणी सपाट आणि डिस्प्ले चालू, म्हणजे पहिल्या दोषाशी याचा काही संबंध नाही. 'बल्ब चपटा' या दोन शब्दांवर मी त्याला चहा पाजला. टाकी आणि इंजिनच्या मधला तो रबरी हातपंप चपटा होतो तेव्हा इंजिन ओढतंय आणि मागून येत नाही. अडथळा बल्ब आणि टाकी यांच्या दरम्यान. इंजिनच्या पोटात शिरायची गरज नाही.

आधीच्या वर्कशॉपला हे का सापडलं नसेल तेही दिसतं. दोन दोष एकमेकांच्या आड उभे होते. फिल्टर बदलून आणला की भरलेल्या टाकीवर बोट चार दिवस चालायची, मग मुखाशी आपटून विजेने जायची, आणि लोक म्हणायचे फिल्टरने काही झालं नाही.

३० नोव्हेंबर

सोप्या गोष्टी आधी.

टाकीची हवेची नळी : बाहेरच्या जाळीवर कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. पावसाळ्यात बोट झाकून ठेवली की हे हमखास. हवा आत गेली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येईनासं होतं, त्यामुळे क्षणभर वाटलं सापडलं. पण घर अर्धवट होतं, फुंकर मारली तर हवा जात होती. तरी काढून टाकलं.

फिल्टरखालच्या भांड्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं. तासाभराने तळाशी करंगळीच्या नखाएवढा वेगळा थर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०२२ मध्ये सरासरी १० टक्के होतं, २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० सुरू झालं आणि २०२५ मध्ये सगळीकडे तेच. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते पेट्रोलात विरघळलेलं राहतं. त्याच्या पोटात मावेल त्याहून पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. पेट्रोल ओढणारी नळीही टाकीच्या तळाशीच असते. गाडीची टाकी बंद असते आणि आठवड्यात दोनदा रिकामी होते. बोटीची टाकी दमट हवेत श्वास घेत पडून राहते. म्हणून बोटवाल्याने हे जास्त मनावर घ्यायला हवं.

पण एवढ्या पाण्याने बल्ब चपटा होत नाही. पाणी काढलं, भांडं पुसलं, पुढे.

दुपारी निर्णायक चाचणी. २४ लिटरचा सुटा कॅन, त्याची स्वतःची नळी आणि बल्ब, थेट इंजिनला. बोटीची टाकी पूर्ण बाजूला. ४,६०० फेऱ्यांवर संगमापासून निवतीच्या बाजूला आणि परत. काटा दीडच्या वर गेला नाही. इंजिनचा स्वतःचा पंप, आतला उच्च दाबाचा पंप, इंजेक्टर, ईसीएम, सगळे सुटले. ईसीएमची फाइल माझ्याकडून इथे बंद.

१ डिसेंबर

टाकी पाव ठेवून, बोटीच्याच पाइपावर. गेज फिल्टरच्या आधी लावलं. ३,००० फेऱ्यांवर काटा २. ४,००० वर ३. ४,६०० ला नेलं आणि काही मिनिटं ३ वरच राहिला, मग उडी मारून ९. इंजिन खोकलं. टाकीचं झाकण उघडायला तांडेलाला आधीच उभं केलं होतं. उघडलं, हवा आत जाण्याचा आवाज नाही, काटाही तसाच. म्हणजे हवेच्या नळीचा प्रश्न निकालात. थ्रॉटल खाली घेतला तरी इंजिन गेलं. बंद पडल्यावर काटा सावकाश उतरला आणि मग एकदम शून्यावर आला, जसं काही आत अडकलेलं सुटलं असावं.

मग गेज उचलून टाकीच्या तोंडाशी लावलं, ओढनळी आणि तिच्या वरचा उलटी धार रोखणारा व्हॉल्व्ह यांच्या लगेच पुढे. तोच वेग, तीच टाकी. इंजिन तसंच खोकून गेलं, पण इथे काटा १ च्या वर चढलाच नाही. टाकीतली नळी, तिची जाळी, व्हॉल्व्ह, सगळं मोकळं.

टाकीपाशी १, फिल्टरपाशी ९. मधे फक्त दहा फूट पाइप आहे, फळ्यांखालच्या बोळातून जाणारा, जो २०१९ पासून कोणी पाहिलेला नाही.

२ डिसेंबर

टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, बॅटरीचा मुख्य स्विच बंद, फळ्या उघडून दोन तास वारा खेळू दिला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचून राहते आणि नाकाला नेहमी कळतेच असं नाही. अग्निशामक हाताशी, मोबाइल लांब. शेजारचा एक जण विडी ओढत डोकवायला आला, त्याला मी ज्या शब्दांत हाकललं ते इथे लिहीत नाही.

पाइप बाहेर काढायला अर्धा दिवस गेला. दोन्ही टोकांचे क्लॅम्प गंजून पाइपात रुतलेले, कापावे लागले. जुन्या पाइपाच्या टोकाला नायलॉनची दोरी घट्ट बांधली, म्हणजे तो बाहेर येताना दोरी बोळातून मागे राहील आणि तिने नवा ओढून घेता येईल. एका आडव्या फायबरच्या पट्टीवरून पाइप वळतो तिथे तो हलेना. साबणाचं पाणी सोडलं, तांडेलाने एका टोकाला ढकललं, मी दुसऱ्या टोकाला ओढलं.

बाहेरून पाइप असा की कोणीही म्हणेल ठीक आहे. काळा, लवचिक, भेग नाही. पण त्यावर फक्त माप छापलेलं होतं, बोटीच्या इंधनाच्या पाइपावर असतो तो एसएई जे१५२७ चा शिक्का नाही. ब्लेडने उभा चिरला. आतला थर फुगून मऊ झालेला, नखाने दाबला तर खड्डा राहत होता, आणि मधल्या विणीपासून बऱ्याच लांबीत सुटलेला. जिथे पाइप पट्टीवरून वळत होता तिथे तो थर फाटून दोन बोटं लांबीची जीभ झाली होती, तिचं मोकळं टोक टाकीच्या दिशेला. असाच आणखी एक तुकडा न चिरता वेगळा ठेवला होता. त्याला हातपंपाने ओढून पाहिलं. हळू ओढलं तर हवा येत होती. जोरात ओढलं की आतून 'टप' असा आवाज आणि पंपाचा दांडा जागेवर अडकला. सोडला की काही सेकंदांनी परत मोकळा.

काकांना बोलावून तो दांडा त्यांच्याच हातात दिला. दोन-तीनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या येवढ्याशासाठी?"

आता सगळ्या नोंदी जुळतात. धक्क्याला इंजिन थोडंसंच पेट्रोल मागतं, जीभ पडून राहते. टाकी भरलेली असली की पेट्रोलची पातळी वर असते, ओढ कमी लागते. टाकी उतरली, बोट भरलेली आणि वेग जास्त, तर ओढ वाढते आणि जीभ उठून तोंड बंद करते. इंजिन मेलं की ओढ संपते, ती सावकाश खाली बसते, म्हणून दहा मिनिटं.

हे इथेनॉलनेच झालं का? माझ्या मते त्याचा मोठा हात आहे, कारण असे फुगलेले, सुटलेले थर अलीकडे जास्त बघायला मिळतात, आणि हा पाइप अशा पेट्रोलासाठी बनलेलाच नव्हता. पण सहा वर्षांचं वय आणि बंद बोळातली उष्णता यांनाही सोडून देता येणार नाही.

नवा पाइप त्या शिक्क्याचा, ए१ वर्गाचा, तीन अष्टमांश इंचाचा. प्रत्येक टोकाला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प. पट्टीवरच्या वळणाखाली रबराची गादी. बल्बही बदलला, तोही त्याच वयाचा होता. बाण इंजिनकडे. फिल्टर १० मायक्रॉनचा, खाली पारदर्शक भांडं, म्हणजे तांडेलाला बरणीशिवाय पाणी दिसेल.

४ डिसेंबर

दत्तजयंती. वर्कशॉप बंद.

५ डिसेंबर

पौर्णिमेचं उधाण. २० नोव्हेंबरला जसं पाणी होतं तसंच पाहिजे होतं म्हणून दोन दिवस बोट अडवून ठेवली. काका रोज फोन करत होते.

सकाळी टाकी पावच्याही खाली ठेवून लांब फेरी, बोटीत माणसांच्या वजनाची वाळूची पोती. ४,८०० फेऱ्यांवर काटा अडीचवर स्थिर. बल्ब टणक. नळीत बुडबुडा नाही. परत येताना मुद्दाम थ्रॉटल एकदम खाली-वर केला, काही नाही.

दुपारी मुखाशी. तीच उभी लाट, तोच खारा वारा. बोट इतकी आपटली की पोतं फुटून वाळू सगळीकडे झाली. डिस्प्ले उजळलेला, इंजिन चालू, आणि तांडेलाने वेगळं बटण आहे म्हणून गाणीही लावली होती. गेज काढलं, पारदर्शक नळी काढली. ती कायम ठेवायची वस्तू नाही, उन्हाने आणि पेट्रोलने तडकते.

बोट संध्याकाळी दिली.

२० डिसेंबर

परत अमावस्येचं उधाण होऊन गेलं. तांडेल वही घेऊन आला. बंद पडल्याची नोंद नाही. त्याने स्वतःहून एक रकाना वाढवलाय : दुपारी जेवायला थांबल्यावर परत सुरू करताना स्टार्टर लांब मारावा लागतो. सकाळी थंड असताना नाही.

हे वेगळं आहे. गरम इंजिन उन्हात बंद ठेवलं की झाकणाखालची उष्णता वाढते आणि आतल्या छोट्या टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळते. असंच असेल तर बंद केल्यावर झाकण जरा उचलून ठेवलं किंवा सुरू करण्याआधी चावी लावून पंप दोनदा चालू दिला तर फरक पडायला हवा. दोन्ही करून वहीत लिही म्हटलंय. फरक नाही पडला तर दाबाचं गेज लावून बघावं लागेल, पण नाताळ ते नवीन वर्ष काका बोट सोडणार नाहीत, आणि इंजिन चालू असताना याने काही बिघडत नाही.

बाकी काम : टाकीचा तळ उघडून धुवायचा आहे. पाण्याचा थर निघाला तसा खाली गाळही असणार. ते पावसाळ्यात जलपर्यटन बंद झाल्यावर. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी फिल्टरचं भांडं बघायचं, आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, म्हणजे रात्रीची दमट हवा आत कमी जाईल. किल स्विचची जादा दोरी स्टिअरिंगजवळ टांगून दिली आहे.